ह्यांच्या झोपेला आवाजाचा आडोसा

किस्से हे डोशाच्या पिठासारखे असतात. संध्याकाळी भांड्याच्या तळाशी एवढंसं दिसतं, आणि सकाळी बघावं तर झाकण उचलून बाहेर! आमच्या वठारातल्या बायका दुपारी कट्ट्यावर बसल्या की अजूनही तेच होतं. एकीने "आठवतं का ग?" म्हणायचा अवकाश, की दुसरीचं सुरू, तिचं संपायच्या आत तिसरीचं.

वठार म्हणजे एका अंगणाभोवतीची बिऱ्हाडं. इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत आमची चार होती. समोर सरोजक्का. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता त्या कधी कानडीत शिरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. कोपऱ्यात पद्मम्मा आणि त्यांचे यजमान. ते शाळेतून रिटायर झालेले, म्हणून सगळे त्यांना मेष्ट्रू म्हणत. वरच्या खोलीत पुण्याहून नवीन लग्न होऊन आलेली उज्ज्वला. तिचा नवरा कंप्यूटर कंपनीत. आणि चौथे आम्ही.

आमच्या ह्यांना त्या काळात कारखान्यात कायमची नाइट शिफ्ट होती. काम प्रेस मशीनवर. पत्रा आत सरकवायचा, हात मागे घ्यायचा, वरून दट्ट्या खाली येणार. हात मागे घ्यायला उशीर झाला तर काय, ते सांगायला नको. त्यामुळे दिवसाची झोप ही आमच्या घरात देवपूजेसारखी होती. चुकवून चालायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच शेजारचं जुनं घर पाडून तिथे मोठी इमारत उठायला लागली! आमच्या झोपायच्या खोलीला लागूनच ग्रॅनाइट कापायचं मशीन. ते सुरू झालं की दातातून कळ जायची. एका पहाटे हे घरी आले आणि चहा न घेताच अंथरुणावर बसले. खूप विचारल्यावर म्हणाले, "मशीनवर डोळा लागला. शेजारच्याने खेचलं म्हणून हात वाचला. सुपरवायझर म्हणाला, पुन्हा दिसलं तर घरी बसा."

मी म्हटलं, "शेजारी जाऊन सांगा ना, स्वल्प हळू करा म्हणून!"

तर म्हणाले, "त्यांचंही पोट आहे. दगड काय हळू कापतात?"

असा हा माणूस. तक्रार म्हणून कधी करणार नाही.

* * *

पहिला उपाय ह्यांनी स्वतःच शोधला. आमच्याकडे एक जुना टेबल फॅन होता. तो चालायला लागला की विमान उडतंय असं वाटायचं. तो उशाशी लावला की शेजारचं मशीन निम्मं ऐकू यायचं. उपाय चांगला होता. फक्त महिना डिसेंबरचा होता!

हे मग अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात मोजे आणि वर रजई घेऊन फॅनसमोर झोपायचे. एकदा सरोजक्का विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. फॅनकडे बघितलं, कानटोपीकडे बघितलं.

"शांता, हे काय ग?"

मी सगळं समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सरी, कळलं. आवाज नको म्हणून फॅन, फॅन नको म्हणून स्वेटर. मग त्यांना सरळ उटीलाच का पाठवत नाहीस?"

पण त्या दिवसापासून सरोजक्कांनी ही झोप आपल्या अंगावर घेतली. मी मागितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

* * *

सर्दी झाली तेव्हा फॅन बंद झाला आणि रेडिओ आला. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला की नुसती खरखर येते, पावसासारखी. त्या खरखरीत ह्यांना छान झोप लागायला लागली. मी दार नुसतं ओढून घेऊन निवांत भाजीला जायला लागले.

एक दिवस परत येते तर आमच्या घरातून खणखणीत आवाजात शेतकऱ्यांचा कार्यक्रम! दारात मेष्ट्रू उभे, चेहऱ्यावर समाधान.

"अम्मा, तुमचा रेडिओ बरेच दिवस बिघडलेला ऐकत होतो. मनात म्हटलं, शेजारधर्म आहे. काही झालेलं नव्हतं हो, नुसता काटा सरकला होता!"

मी धावत आत गेले. हे अंथरुणात ताठ बसलेले, डोळे अर्धे मिटलेले. मला बघून म्हणाले, "नारळाच्या बुडाशी मीठ घालायला हवं."

आमच्याकडे तुळशीशिवाय एक कुंडी नव्हती!

मी मेष्ट्रूंना कॉफी दिली. त्यांनी ती पिऊन आवाज आणखी थोडा मोठा करून दिला, आणि गेले.

* * *

मग उज्ज्वला पुढे आली. "काकू, डोन्ट वरी! मी मॅगझिनमध्ये वाचलंय. वाहत्या पाण्याचा साउंड लावला की माणूस एकदम रिलॅक्स होतो. मी कॅसेट करून देते."

बंगळूरला नदी कुठली! तिने आपला टू-इन-वन न्हाणीत नेला, नळाखाली बादली ठेवली आणि एक अख्खी बाजू भरून पाण्याचा आवाज टेप केला. सुंदर झालं होतं, खोटं कशाला बोलू. दुपारी ह्यांच्या उशाशी टेप लावला, आवाज मोठा केला आणि आम्ही दोघी पाय न वाजवता बाहेर आलो.

आता एक सांगते. आमच्या नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही वेळ ठरलेली नाही. त्यामुळे वठारातलं कोणीही, कितीही गाढ झोपेत असो, पाण्याची धार ऐकली की उठणारच.

सगळ्यात आधी पद्मम्मा घागर घेऊन धावल्या. "नीर बंतू! पाणी आलं!" त्यांच्यामागे मेष्ट्रू दोन बादल्या घेऊन. मग सरोजक्का, हाताला पीठ तसंच. शेजारच्या वठारातल्या दोघी कुंपणावरून घागरी देऊ लागल्या. सगळे नळाभोवती, आणि नळ कोरडा ठणठणीत!

"आवाज तर येतोय," मेष्ट्रू म्हणाले. "कुठेतरी पाइप फुटला असणार."

उज्ज्वला रडवेली झाली. "अहो, ती कॅसेट आहे, कॅसेट!"

सरोजक्कांनी घागर खाली ठेवली. "छान! आता बंगळूरात नळाला पाणी नाही, टेपला आहे."

आणि तेवढ्यात आमचं दार उघडलं. हे बाहेर आले, डोळे मिटलेले, लुंगी एका हाताने धरलेली, दुसऱ्या हातात बादली. सरळ चालत येऊन नळाच्या रांगेत शेवटी उभे राहिले!

* * *

खरा उपाय सापडला तो सरोजक्कांच्या स्वयंपाकघरात. त्या दुपारी ग्राइंडर लावायच्या. दगडी ग्राइंडर आमच्याकडे घरोघरी असतो, आणि तो पीठ वाटतो तेव्हा एकसारखी, जाड, गोल घरघर चालते. एकदा तो चालू असताना हे असे झोपले, की चारचा चहा पाचला घेतला.

"समजलं," सरोजक्का म्हणाल्या. "तुझ्या यजमानांना अंगाई नको, ग्राइंडर हवा."

पण एक ग्राइंडर किती वेळ चालणार? तांदूळ-डाळीचं वाटण झालं की बंद. नुसता रिकामा फिरवला तर दगडाला दगड लागून खराब होतो. मग चौघींची पाळी ठरली. आधी सरोजक्का लावायच्या. त्यांचं वाटण होत आलं की त्या खिडकीतून हात हलवायच्या, पद्मम्मा आपला सुरू करायच्या. मग मी. शेवटी उज्ज्वला. तिच्याकडे ग्राइंडर नव्हता, पण ती म्हणाली, "मला वगळू नका हं!" मग तिने आईला पत्र पाठवून वाढदिवसाला ग्राइंडरच मागून घेतला. पुण्यात तिच्या माहेरी सगळ्यांना वाटलं, पोरगी किती लवकर संसाराला लागली!

झोप झाली, पण पीठ! रोज चार घरचं पीठ! इडली, डोसा, उत्तप्पा, पुन्हा इडली. मेष्ट्रू एका सकाळी ताटाकडे बघून म्हणाले, "शांताम्मांच्या यजमानांना लवकर डे शिफ्ट मिळो, हीच प्रार्थना." शेवटी सरोजक्का उरलेल्या इडल्या डबा भरून शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांना द्यायला लागल्या. तिथला मेस्त्री मुनियप्पा रोज हात जोडायचा. ज्यांच्या आवाजापासून वाचायला पीठ वाटायचं, तेच इडल्या खाऊन दुप्पट जोरात दगड फोडायचे!

ह्यांना ह्या सगळ्याचा फार अभिमान. एकदा कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगून आले, "आमच्या वठारातल्या चारही बायका मिळून मला झोपवतात."

पुढे त्यांना तिथे काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

* * *

ती इमारत बांधून झाली. गेल्या वर्षी ह्यांना डे शिफ्टही मिळाली. सकाळी हे दोन्ही हातांनी चहाची कपबशी धरतात, तेव्हा मी ती दहाही बोटं बघते आणि मनातल्या मनात वठाराच्या चारी कोपऱ्यांना नमस्कार करते. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. आभार कसे मानायचे ते मला नीट येत नाही. सरोजक्कांना एकदा म्हणायला गेले, तर म्हणाल्या, "आभार ठेव बाजूला, पाव शेर उडीद उसना दे."

पण त्या इमारतीच्या दिवसांतला एक दिवस सांगायचा राहिलाच.

ह्यांना दोन दिवस ताप होता, झोप धड झालेली नव्हती. सुपरवायझरने बजावलं होतं, "आज मी स्वतः तुमच्या मशीनपाशी उभा राहणार." म्हणजे त्या दुपारी झोप हवीच होती. आणि दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला! फॅन गेला, रेडिओ गेला, ग्राइंडर थांबले. शेजारचं मशीनही थांबलं, पण मुनियप्पाने काम थांबवलं नाही. माणसं छिन्नी-हातोडे घेऊन बसली. ठाण्, ठाण्, ठाण्! आत हे कुशी बदलत होते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पद्मम्मा म्हणाल्या, "करंट नसला तर नसला, तोंड आहे ना आपल्याला?" त्या आमच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर मांडी घालून बसल्या आणि एका सुरात रामनाम सुरू केलं. सरोजक्का बसल्या, उज्ज्वला बसली, मी बसले. चढ नाही, उतार नाही, ग्राइंडरसारखं एकसारखं.

थोड्या वेळाने आत कुशी बदलायचं थांबलं. आणि नवल म्हणजे, बाहेरची ठाण् ठाण्ही हळूहळू थांबली! पद्मम्मांनी आकाशाकडे बघून हात जोडले. "नामाचा महिमा!"

मी मान वळवून बघितलं. मुनियप्पा चपला काढून आमच्या फाटकातून आत येत होता. हातात झेंडूचा हार. मागे सगळे मजूर, डोक्याचे टॉवेल सोडलेले. सगळे येऊन भिंतीकडेला माना खाली घालून बसले. माझ्या लक्षात आलं. हे पहाटे त्यांच्याआधी घरी यायचे, संध्याकाळी ते गेल्यावर बाहेर पडायचे. त्या लोकांनी ह्यांना उभं असं कधी बघितलंच नव्हतं! अंगण तिथून दिसत नव्हतं; महिनोन् महिने वरून खिडकीतून दिसला तो डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन पडलेला माणूस. आणि आज दाराशी चार बायका, रामनाम, आणि माझे ओले डोळे.

मी उठायला लागले. सरोजक्कांनी माझा पदर खाली ओढला आणि जपाच्या मधेच कुजबुजल्या, "बस ग! राम राम... काम बंद आहे, झोपू दे त्यांना. राम राम..."

"अहो पण, असं अभद्र!" मी मंगळसूत्र घट्ट धरलं.

"मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. राम राम... म्हण पुढे!"

म्हटलं. काय करणार? हातात मंगळसूत्र, ओठांवर राम, आणि शेजारी उज्ज्वला तोंडात पदर कोंबून हलतेय. मुनियप्पाला वाटलं असणार, पोरगी हुंदके देतेय. तो आणखीच विरघळला.

चार वाजता मागच्या दाराची कडी वाजली. हे न्हाणीत तोंड धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून, बाजूच्या बोळातून अंगणात आले. चेहरा इतका ताजा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. अंगणातली माणसं बघून थबकले. हार बघितला, जप ऐकला. कोण गेलं हे चारचौघांत विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी कोणाला काहीच विचारलं नाही. गुपचूप हात जोडले आणि मजुरांच्या रांगेत, मुनियप्पाच्या शेजारी जाऊन बसले.

मुनियप्पाने स्वल्प सरकून त्यांना जागा दिली. मग त्यांच्या कानाशी लागून कानडीत म्हणाला, "अय्यो, किती दिवस अंथरुणावर होते! मी रोज वरून बघायचो. सुटले बिचारे."

ह्यांनी जड मनाने मान हलवली.

"खरं आहे, मेस्त्री," हे म्हणाले. "आता तरी शांत झोप लागली असेल."