समासातली मुंगी

चित्रकथांच्या त्या स्टुडिओत प्रत्येकाला काही ना काही काढता यायचं. कुणी घोडे काढायचं, कुणी ढग, कुणी बोलण्याचे फुगे आखून त्यात अक्षरं भरायचं. काहीच काढता न येणारी एकटीच होती, आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही पान छापायला जात नसे. तिचं काम पुसायचं.

पद्धत अशी होती. मोठे चित्रकार आधी पेन्सिलीने पान बांधायचे आणि मग त्यावर ब्रशने शाई चढवायचे. शाई वाळली की खालच्या पेन्सिलीच्या रेघा म्हणजे नुसता कचरा. पान कॅमेऱ्याखाली जाण्याआधी तो सगळा निघायला हवा, पण शाईच्या केसालाही धक्का लागता कामा नये. हातात सदा खोडरबर, म्हणून तिचं नाव पडलं खोडताई. खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं.

शाई वाळली की नाही ते ती करंगळीच्या मागच्या बाजूने बघायची. मग वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात. अर्धगोल, अर्धगोल करत हात खाली उतरायचा आणि उजव्या कोपऱ्यात येऊन थांबायचा. डोळ्यांची गरज नव्हती. डोळे समोरच्या माणसाकडे असायचे, कारण तोंड सुरू असायचं. शेजारणीचं भांडण, जावेचा नवा चष्मा, बसमध्ये पायावर पाय देणारा मेला कोण तो, सगळं त्या रबराच्या तालावर चालायचं. एकदा संपादक वैतागून म्हणाले, "अहो ताई, जरा तोंडाला कुलूप लावा!" तर कोपऱ्यातून मोठे चित्रकार म्हणाले, "तिला गप्प बसवू नका, रबर थांबेल."

खोटं नव्हतं ते. गप्प बसली की तिचा हात अडखळायचा.

मोठे चित्रकार स्वतः मुलखाचे अबोल. चहा हवा असेल तर रिकामा कप टेबलावर उपडा घालायचे, बस. घोडेस्वाराची ती लांबलचक कथा वर्षानुवर्षं त्यांनीच काढली. पोरं त्या घोडेस्वारावर जीव टाकायची, आणि हा माणूस खाली मान घालून घोड्याच्या शेपटीचे केस मोजत बसायचा.

एक दिवस पान पुसताना खोडताईची नजर सहज खाली गेली. चौकटीच्या बाहेर, कोऱ्या समासात, अगदी कोपऱ्याला पेन्सिलीने काढलेली एक मुंगी चालली होती. डोक्यावर स्वतःपेक्षा मोठं बटण. ताईने वर चित्रात पाहिलं. घोडेस्वाराच्या कोटाचं मधलं बटण गायब! शाई चढवताना ते त्यांनी मुद्दाम सोडलं होतं. तिला असं हसू फुटलं की अक्षरं भरणाऱ्याचा फुगा वाकडा झाला. तिने मान वळवली. चित्रकार ब्रश धूत होते. चेहरा तसाच, मख्ख.

मग तो नेमच झाला. मुंगी रोज काहीतरी पळवायची. कधी दोरखंडाचं टोक, कधी घोडेस्वाराच्या टाचेची काटेरी चकती, कधी दुष्ट सरदाराची मिशी. जे समासात मुंगीच्या डोक्यावर असेल, ते चित्रात नसायचं. ताई पान पुसता पुसता मान न वळवता म्हणायची, "आज मिशी का?"

"अर्धीच," तिकडून उत्तर यायचं. "उरलेली पुढच्या पानावर."

बाकीच्यांना वाटायचं, ही दोघं कामाचं बोलताहेत. पोरांची पत्रं यायला लागली, की सरदाराची अर्धी मिशी कुठे गेली. संपादक पत्रं नाचवत यायचे. "काय उत्तर देऊ मी? अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?"

"लढाईत तुटली असेल," चित्रकार म्हणायचे.

"मिशी तुटते का हो कधी!"

ताई पदर तोंडाला लावून खाली वाकायची आणि मुंगी पुसून टाकायची. पुसावंच लागे. एकदा तिने धीर करून म्हटलं, "पुसवत नाही हो. एखादी राहू दे ना."

"कॅमेऱ्यात येईल." मग ब्रश पुसत ते म्हणाले, "मऊ पेन्सिलीने काढतो मी ती. तुम्हाला जोर लागू नये म्हणून."

पुढे रंगीत मासिकं आली, टीव्ही आला, आणि त्यांचं मासिक आजारी माणसासारखं बारीक होत होत बंद पडलं. घोडेस्वाराचं शेवटचं पान तयार होतं, पण ते छापायला गेलंच नाही. सगळे आपापले ब्रश, पेले, बसायच्या उशा गोळा करत होते. चित्रकारांनी ते पान आणून तिच्या हातात ठेवलं.

"हे घरी न्या. याला आता पुसायची गरज नाही."

समासात मुंगीचं घर उभं होतं. दाराला बटण, छपराला दोन्ही अर्ध्या मिश्या, खिडकीला टाचेची चकती, अंगणात दोरखंडाचा झोपाळा. आणि मुंगी उंबऱ्यावर बसलेली, पहिल्यांदाच रिकाम्या डोक्याने. इतकी वर्षं ती चोरी नव्हती, बांधकाम होतं! ताईला काही बोलता येईना. तिला बोलता येईना असा तो एकच दिवस.

पान घरी कपाटात चादरींच्या घडीखाली गेलं. हाताची सवय मात्र गेली नाही. टेबल पुसायचं तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून, अर्धगोल, अर्धगोल. खिडकीची काच तशीच, पोरांची तोंडंसुद्धा तशीच. नवरा हसायचा. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ही तर खोडताईची खोड! वर जाऊन देवाचंही खातं पुसून ठेवेल." तीही हसायची.

चित्रकार गेल्याचं तिला उशिरा कळलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची लेक दारात उभी राहिली. बापासारखीच उंच, आणि बोलताना तशीच आधी खाली बघणारी. घरात पानांचे गठ्ठे निघाले होते, लिलाव करणारे लोक ते विकायला मागत होते, पण कुठलं पान खरं आणि कुठलं नंतर कुणी नक्कल केलेलं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"मावशी, याल का तुम्ही?"

लिलावाच्या त्या खोलीत पांढरे हातमोजे घातलेले एक गृहस्थ होते. ते एकेक पान उचलत, आणि खोडताई लांबूनच सांगे, हे आपलं, हे नाही. मध्येच त्यांनी दुसऱ्याच कुठल्या स्टुडिओचं पान दाखवलं. पेन्सिलीच्या रेघा तशाच, समासात खरडलेलं, एका कोपऱ्यात कपाचा गोल डाग.

"अगं बाई! हे असं पान आमच्याकडे कुणी पुढे सरकवलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं."

"उलट आहे, ताई," गृहस्थ म्हणाले. "संग्रह करणारे याच्यावरच उड्या टाकतात. माणसाचा हात दिसतो ना यात. तुमची पानं फारच स्वच्छ. कुणी पुसली कोण जाणे, एक रेघ सोडली नाही."

खोडताईने स्वतःचे हात मांडीवर पालथे घातले.

"पण या चित्रकारांच्या चुका प्रसिद्ध आहेत," ते पुढे सांगू लागले. "विसरलेलं बटण, विसरलेली मिशी. त्या पानांना मागणी फार."

"चुका?" ती उसळलीच. "अहो, त्या..." आणि थांबली. शेजारी लेक उभी होती. हे असं तिसऱ्या माणसासमोर, उभ्या उभ्या उधळून टाकायचं नव्हतं.

जिना उतरताना लेक म्हणाली, "बाबा घरी बोलायचे नाहीत. काढायचेही नाहीत. लहानपणी मी एकदा मांजर काढून मागितलं, तर म्हणाले, हात दमलाय गं. मला वाटायचं, त्यांना कामाचा आणि आमचा, दोन्हीचा कंटाळा आहे." दोन पायऱ्या उतरून ती मागे वळली. "शेवटी आजारपणात मात्र म्हणाले, मी चांगलं काय काढलं ते खोडताईंना विचार. काय हो ते, मावशी?"

"सांगत नाही. दाखवते. उद्या घरी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पान काढलं, टेबलावर ठेवलं. कागद पिवळा पडला होता, पण मुंगी होती, घर होतं, सगळं होतं. फक्त वर डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळपट डाग. पाहुण्यासमोर कुणी डाग पडलेली ताटली ठेवतं का? तिने डब्यातून जुना रबर शोधला. कालच्या गृहस्थांचं ऐकलं होतं, नाही असं नाही. पण हा काही चित्रकारांचा हात नव्हता, हा तर चादरींच्या धुळीचा डाग. तेवढाच काढायचा होता.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी बहीण.

"काय गं, काल दिवसभर होतीस कुठे? दोनदा फोन केला मी!"

"अगं, काय सांगू तुला..." ताईने फोन मान आणि खांद्यात धरला. मग लिलावाची खोली, ते हातमोजे, त्या पानाला लागलेला कपाचा डाग आणि त्याला येणारं गिऱ्हाईक. धाकटी म्हणाली, तसं असेल तर आमच्या ह्यांच्या शर्टांचाही लिलाव कर. दोघी हसल्या. मग लेकीचं सांगून झालं, बिचारीला बापाने मांजरसुद्धा काढून दिलं नाही म्हणून. मग धाकटीच्या सुनेचं निघालं, आणि ते काही लवकर संपणारं नव्हतं.

फोन ठेवून तिने पानावर फुंकर मारली. चुरा उडाला. चुरा फार होता.

मग तिने पाहिलं. हात खालच्या उजव्या कोपऱ्यात येऊन थांबला होता, नेहमीसारखा. घोडेस्वार होता, घोडा होता, शाईच्या केसालाही धक्का नव्हता. समास कोरा होता.

नवरा आतून आला. "वा, लख्ख केलंस की!" म्हणाला, आणि मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती म्हण त्याच्या ओठांवर आली असणार. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने ती गिळली. जरा वेळाने टेबलावरच्या करड्या चुऱ्याकडे बोट दाखवून त्याने हळूच विचारलं, "हे टाकू का?"

तिने चुऱ्यावर हात पालथा ठेवला. त्याने टाकलं नाही.

लेक आली तेव्हा खोडताईने काही लपवलं नाही. चहासुद्धा विचारायच्या आधी सगळं सांगून टाकलं, बटणापासून झोपाळ्यापर्यंत, आणि सकाळच्या फोनपर्यंत. लेक ऐकत होती. मग ती पान घेऊन खिडकीशी गेली आणि ते तिरकं धरून बघू लागली. कागदावर कधीकधी पेन्सिलीची चर उरते, रेघ गेली तरी.

"नाही दिसायचं, बाळ," ताई बसल्या जागेवरून म्हणाली. "ते हलक्या हाताने काढायचे. मला जोर लागू नये म्हणून."

लेक तरीही बराच वेळ बघत राहिली. मग येऊन समोर बसली, आणि जवळचा एक कागद पुढे सरकवला. "कशीही चालेल. काढून दाखवा ना."

खोडताईने पेन्सिल धरली. तीन गोळे काढले, त्यांना पाय लावले. दोघींनी मान वाकडी करून पाहिलं.

"बटाट्याला पाय फुटलेत," लेक म्हणाली.

"मला नाही गं काढता येत. मला नुसतं पुसता येतं." ती हसत म्हणाली, आणि हात आपसूक रबराकडे गेला. लेकीने तो मनगटाशी धरला आणि बटाटा घडी घालून पर्समध्ये ठेवला. शेवटचं पान मात्र तिने लिलावाला दिलं नाही. कोऱ्या कोपऱ्यासकट घरी नेलं.

लिलावाच्या दिवशी दोघी मागच्या रांगेत शेजारीशेजारी बसल्या. पुढे घडवंचीवर एकेक पान चढत होतं, आणि पुकारणारा माणूस प्रत्येक वेळी अभिमानाने सांगत होता, "स्थिती उत्तम, समास अत्यंत स्वच्छ." तो तसं म्हणाला की खोडताई लेकीच्या कानाशी झुकायची. "इथे टोपीचं पीस नेलं होतं. बघ, टोपी बोडकी आहे... इथे लगाम. ओढता ओढता उताणी पडली होती मेली, सहाही पाय वर." लेक हसायची. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून रागाने पाहिलं. आणखी एक पान. "इथे त्याच्या खिशातला रुमाल. पांघरून चालली होती, नवरीसारखी."

मग एक पान आलं. पुरातून घोडा पार होतोय, मोठं, देखणं पान. हात भराभर वर होऊ लागले.

"इथे काय नेलं?" लेकीने विचारलं.

ताईने पाहिलं. घोड्याचे नाल जागेवर, खोगीर जागेवर, कोट, टोपी, तलवार, सगळं जिथल्या तिथे. काहीतरी नसणार होतं, आणि ते तिला दिसत नव्हतं. या पानाच्या वेळी ती काय बोलत होती, ते मात्र तिला स्वच्छ आठवलं. जावेच्या नव्या चष्म्याचं चाललं होतं.

"थांब हं," ती म्हणाली. "आत्ता आठवेल. थांब जरा."

पुकारणारा थांबला नाही. हातोडा पडला, हातमोजे घातलेल्या गृहस्थांनी पान उचललं आणि आत नेलं. ताई रिकाम्या घडवंचीकडे बघतच राहिली, आणि मांडीवर तिचं बोट अर्धगोल, अर्धगोल फिरत होतं.