नव्या भाताच्या पाच मुठी

शनिवारी सकाळी राहीला जाग आली तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि तिला कुणीही हाक मारलेली नव्हती. एकोणीस वर्षांत अशी झोप तिच्या वाट्याला आली नव्हती. घरी कोंबडा आरवायच्या आधी आईचा हात पाठीवर पडायचा, होस्टेलात पहाटेची घंटा व्हायची. अंग कसं हलकं झालं होतं, आणि त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली.

ही चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. राही रत्नागिरीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि ननांच्या होस्टेलात राहत होती. होस्टेलच्या सिस्टर बेनेदिता दरवर्षी मुलींना दोन दिवसांच्या रिट्रीटला नेत. आरे-वारेच्या बाजूला सड्यावर, समुद्रालगतच्या उघड्या पठारावर, चर्चचं एक कौलारू घर होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिथे जायचं आणि रविवारी दुपारची घंटा होईपर्यंत मौन पाळायचं. ख्रिस्ती मुलींबरोबर वाटेल त्या हिंदू मुलीही जात, त्यांना प्रार्थनेची सक्ती नसे. शांत बसा, समुद्र बघा, आपल्या मनात काय आहे ते बघा, एवढंच तिथले फादर सांगत.

राहीच्या मनात काय आहे ते बघायला समुद्राची गरज नव्हती. तिथे एक पोस्टकार्ड होतं.

तिचं गाव लांज्याच्या आतल्या अंगाला. वडील महिपत मुंबईला, गणपतीला यायचे ते पुढच्या शिमग्यालाच तोंड दाखवायचे. भात कापायला घरात आई आणि राही अशा दोघीच. आठव्या वर्षापासून राहीने एकही कापणी चुकवली नव्हती. दिवसभर कंबर वाकवायची, पात्यांनी हात ओरबाडून घ्यायचे आणि सोमवारी वर्गात डुलक्या काढायच्या. यंदा तिला ते नको झालं. तिने आईला लिहिलं की प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, येता येणार नाही. परीक्षाबिरीक्षा काही नव्हती. आईला वाचता येत नसे, तेव्हा पत्र शेजारच्या धोंडूतात्यांनी वाचून दाखवलं असणार. म्हणजे पंधरा पैशांच्या एका कार्डात दोन माणसं फसवली.

दुपारी पूर्वेकडून ढग चढले. गार वारा सुटला तशा मुली खूश होऊन व्हरांड्यात आल्या. राहीला मात्र शेत आठवलं. कापलेलं भात वाळायला शेतात पसरलेलं असणार. ते भिजलं तर दाण्याला मोड येतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. एकटी आई किती भारे उचलणार? रात्री ताटात बांगड्याचं सार होतं, पण घास तोंडातच फिरत राहिला. मौनाचा एक फायदा असतो, काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. तोटाही तोच.

रविवारी अकराच्या सुमारास फाटकातून एक बाई आत आली. लुगड्याचा काचा मारलेला, हातात फडक्याचं गाठोडं. राही ती चाल ओळखून होती.  चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला वाटलं, आई जाब विचारायलाच आली.

राहीची आई सखू पहाटेच्या एस्टीने होस्टेलवर गेली होती आणि तिथल्या शिवा वॉचमनने सांगितल्यावरून सडा चढून आली होती. बारापर्यंत मुलीला बोलता येणार नाही, असं सिस्टरने तिला पायरीवर हळूच सांगितलं. सखूने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. परीक्षेसाठी पोरीने व्रत धरलंय. तिने वहाणा काढल्या, मेरीमातेच्या मूर्तीला गावदेवीला जोडावेत तसे हात जोडले आणि लेकीशेजारी येऊन बसली.

"बोलू नको हां," ती कुजबुजली. "नुसती आयक."

मग ती सगळं सांगत राहिली. काल पाऊस आला, पण त्याआधी सगळे भारे तिने पडवीत आणून टाकले. बोटाला विळा लागला, फार नाही. बोटाला चिंधी बांधलेली होती आणि चिंधी लाल झालेली होती. बोलता बोलता तिने गाठोडं सोडलं. नव्या भाताचे पोहे होते, अजून कोंड्याचा वास येणारे.

त्यांच्या घरची एक रीत होती. ज्याच्या हाताने विळा चालला त्यानेच नवं आधी खायचं, आणि घरातलं धाकटं माणूस सगळ्यात आधी.

"तू नव्हतीस, म्हनून तुज्या नावान पाच मुठी मीच कापल्या," सखू म्हणाली. "खा. तू खाल्ल्याबिगर मी पन तोंडात घातला नाय."

तिने राहीच्या ओंजळीत पोहे घातले. राहीचा हात वर येईना. इतका वेळ धरलेलं मौन तिथे सुटलं.

"आये, परीक्षा नाय. खोटा लिवला मी. मना दमायला झालेला, म्हनून आले हितं."

सखूने बोटावरची चिंधी सोडून परत बांधली.  ती चिडली असती, रडली असती, तर राहीला सोपं गेलं असतं.

मग तिने विचारलं, "झोप तरी लागली काय गो?"

राहीने होकाराची मान हलवली. ते खरं होतं आणि तेच सांगताना तिला सगळ्यात जास्त रडू आलं.

सखूने लेकीच्या ओंजळीखाली फडकं धरलं. पोहे परत त्यात ओतून घेतले, एक दाणा खाली सांडू दिला नाही, आणि गाठ मारली.

"वरच्या कुणग्यातला भात अजून उभा हाय," ती म्हणाली. "चल. पाच मुठी तू काप, मंग दोघी खाव."

बाराची घंटा झाली तेव्हा आत मुलींचा एकच गलका उडाला. सिस्टरना सांगून दोघी सडा उतरत होत्या. एस्टीत जागा मिळाली ती एकच. राहीने आईला बसवलं. टपाच्या दांडीला एका हाताने धरून आणि दुसऱ्या हाताने ते गाठोडं पोटाशी घेऊन ती लांज्यापर्यंत उभी राहिली. पोह्यांचा वास येत होता. भूकही लागली होती. पाली गाव ओलांडायच्या आतच आईचा डोळा लागला, आणि राहीने तिला उठवलं नाही.