पट्टरैतली शेळी

घरात मला 'पुरावा काय?' म्हणून चिडवतात. मी निवृत्त शास्त्रशिक्षिका. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. तेव्हा मीच असलं काही लिहितेय हे पाहून ओळखीचे लोक हसतील... हसू देत. हे डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

माझं माहेर कुंभकोणमचं. तंजावरच्या राजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात जुन्या वळणाची मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. लग्नानंतर पुण्याला आले, तेव्हा माझं बोलणं ऐकायला सासरी शेजारणी जमायच्या!

गोष्ट पन्नासच्या दशकातली, मी कॉलेजात होते तेव्हाची. आमच्याकडे थोरले काका राहायचे, माझ्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे मोठे भाऊ. अप्पा त्यांना अण्णा म्हणायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काम केलं आणि निवृत्त होता होता काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. रोज संध्याकाळी त्यांना फिरवून आणायचं काम माझ्याकडे असायचं. आम्ही साक्कोट्टैच्या वाटेला लागायचो. गावाची शेवटची घरं संपली की एक मोठं पडीक मैदान होतं. कडेला नारळाची चार झाडं आणि चरायला सोडलेल्या शेळ्या, बस्स.

त्या मैदानात शिरलं की काका विचित्र चालायचे. सरळ जाता जाता अचानक काटकोनात वळायचे, परत सरळ, परत वळण... काठीनं न चाचपडता, स्वतःच्या घरात फिरावं तसं. एका ठिकाणी तर माझा हात धरून लांबून वळसा घालायचे.

"येथें धग लागते गे. बाजूनें चल."

"कसली धग, काका? गवत आहे नुसतं."

"भट्टीची. आणि हे सत्तम् तुला ऐकूं येत नाहीं? केवढी ठोकाठोक!"

मला शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांशिवाय दुसरं सत्तम्, म्हणजे आवाज, कधीच ऐकू आलं नाही. आणि काकांना नेमक्या त्या घंटाच ऐकू यायच्या नाहीत! एकदा तर त्यांचा पाय बसलेल्या शेळीवर पडला. दोघंही दचकले. काका मनापासून वैतागून म्हणाले, "सरोजा, पट्टरैंत शेळी कशाला आली गे?"

पट्टरै म्हणजे कारखाना. मी हसून हसून बेजार झाले.

आता तुम्ही म्हणाल तेच मीही म्हटलं होतं — गावातला आवाज वाऱ्यानं येत असेल. गावात पितळेच्या कारागिरांची जुनी गल्ली होतीच. समया, घागरी, घंटा, सगळं तिथंच घडायचं. पण ती गल्ली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि वारा उलटा असला तरी काकांना 'ठोकाठोक' ऐकू यायचीच.

हे प्रकरण अप्पांच्या कानावर गेलं. लोक दारात येऊन विचारायला लागले होते, "तुमचे अण्णा मैदानात काय शोधतात?" डॉक्टरांनी मद्रासच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं. पोंगल झाला की न्यायचं ठरलं. अप्पा कठोर नव्हते हो, धाकट्या भावानं थोरल्याबद्दल असं काही ठरवायचं म्हणजे काय हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण ते घाबरले होते.

काकांना कळलं तेव्हा ते माझ्याशी हळूच बोलले. "मला तेथें पाठवूं नका म्हणून सांग. अत्तां मी उगी राहतों. कांहीं बोलत नाहीं." एवढा भारदस्त माणूस, लहान मुलासारखा विनवत होता. मला रडू कोसळलं.

आणि त्याच सुमारास मैदानात खुंट्या ठोकल्या गेल्या.

जुन्या गल्लीत धूर कोंडायचा, आग लागायची भीती. म्हणून कारागिरांच्या सोसायटीनं हे मैदान घेतलं होतं. इथे ओळीनं शेड, पत्रा लाटायची गिरणी, वीज, रस्ते... नवी वसाहतच होणार होती. खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांमधून मी काकांना नेलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्यांची ती सगळी वळणं दोऱ्यांच्या बरोबर मधून जात होती.

मी अप्पांना ओढत घेऊन आले. त्यांनी काकांना चालताना पाहिलं, मग तिथल्या इंजिनियरकडून नकाशा मागून घेतला.

"ओतकामाची भट्टी कोठें?" त्यांनी विचारलं.

इंजिनियरनं पूर्वेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. काका वळसा घालायचे ती जागा पश्चिमेला होती.

"पाहिलेस?" अप्पा मला म्हणाले. "मनाचे खेळ." मद्रासची तिकिटं काढली गेली. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

पोंगलच्या आधी पायाची खोदाई सुरू झाली. पूर्वेच्या कोपऱ्यात खड्ड्याला पाणी लागलं, आणि काही केल्या उपसेना. ओतकामाच्या भट्टीखाली ओल कशी चालेल? भट्टी हलवली... पश्चिमेला. अप्पा एकटेच जाऊन पाहून आले. संध्याकाळी काकांच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं भात वाढला आणि म्हणाले, "अण्णा, मद्रास नको. तुम्हीं घरींच राहा." काकांनी अप्पांचा हात चाचपून धरून ठेवला.

वसाहत उभी राहिली. गल्लीतली माणसं हत्यारांसकट तिकडे गेली, चहाची दुकानं आली, भोंगा वाजायला लागला. आम्ही आता खऱ्याखुऱ्या रस्त्यांवरून फिरायचो. एके दिवशी ऐन कामाच्या वेळी, कानठळ्या बसत असताना, काका रस्त्यात थांबले. चेहरा अगदी निवांत.

"किती शांत झालें गे," ते म्हणाले. "नुसत्या घंटा वाजताहेत. शेळ्यांच्या."

मी कोणालाच सांगितलं नाही. अप्पांना तर नाहीच. म्हातारपण, जुन्या आठवणी, अशी मनाची समजूत घातली. त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत.

मध्ये कितीतरी वर्षं गेली. भाचीच्या लग्नाला कुंभकोणमला गेले, तेव्हा साक्कोट्टैच्या वाटेवर रिक्षा थांबवली. स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि वसाहत हळूहळू ओस पडली म्हणे. रस्ते गवतात बुडालेले, शेडांचे पत्रे गेलेले. चालताना मी भट्टीच्या जागेला वळसा घातला, सवयीनं. तिथे थंडगार राखसुद्धा नव्हती.

घंटेचा आवाज आला म्हणून एका शेडमध्ये डोकावले. शेडच्या बरोबर मधोमध, काकांचा पाय जिथे पडला होता साधारण तिथेच, एक शेळी बसून रवंथ करत होती.

मी त्या दिवशी हसले होते. काकांना दिसत नव्हतं, पण ते विचारत होते ते अगदी बरोबर होतं. पुरावा माझ्याकडे काहीच नाही. कारणही सांगता येत नाही, आणि आयुष्यभर मुलांना कारणं शिकवली मी... त्या शेळीसमोर उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "पट्टरैंत शेळी कशाला आली गे?"

आणि काका ऐकत असतील का, म्हणून थोडा वेळ तिथेच थांबले.