कडेनं दिसणारा धूर

माझा जावई दर अमावस्येला दुर्बीण घेऊन वळसंगला माझ्या शेतात येतो. सोलापूरचं आभाळ दिव्यांनी पांढरं झालंय, त्याला काळं लागतं. दुर्बिणीत परातीएवढा आरसा आहे. जोडून उभी केली की माझ्यापेक्षा उंच होते.

गावात बोलवा होती की तो गुप्तधन शोधतो. शेजारीण म्हणाली, "पाव्हणं अमावस्येलाच कसं येत्यात? कोंबडं कापत्यात का काय?"

"कापलं असतं तर तुला रस्सा दिला असता की."

मी एकटी राहते. चार शेळ्या आहेत. मुलीचं एकच पालुपद, शेळ्या विक आणि आमच्याकडे सोलापूरला भवानी पेठेत ये. हातपाय आणि डोळे चालतात तोवर मी इथंच, असं आमचं ठरलं होतं.

गेल्या थंडीत जेवताना जावयाच्या दाताखाली खडा आला. त्या जेवणातला तिसरा. मी दुकानदाराला शिव्या घातल्या. जावयानं खडा ताटाच्या कडेला ठेवला.

जेवल्यावर त्यानं मला पहिल्यांदाच बाहेर बोलावलं. एक तारा मरताना त्याच्या अंगावरचा वायू सुटून चहूकडे पसरलाय, त्याला तेजोमेघ म्हणतात, फार अंधुक असतो, असं त्यानं सांगितलं.

"मरायला किती दिस लागत्यात त्याला?"

"हजारो वर्षं, मामी."

"मग निवांत हाय की."

"डावा डोळा मिटा आणि उजव्यानं बघा," तो म्हणाला. जन्मात मी एक डोळा मिटून काही बघितलं नव्हतं. सुईत दोरासुद्धा दोन्ही डोळ्यांनी ओवला.

आधी नुसतं काळं. मग कडेला काहीतरी आलं. चूल विझल्यावर राहतो तसला धूर, गोल, मध्ये पोकळ. नीट बघायला गेले की नाहीसा.

"दिसतंय कडंला. नीट बघाय गेलं की पळतंय."

जावई खूश झाला. "असंच असतं ते. अंधुक गोष्ट सरळ बघितली की जाते, कडेनं बघितली की दिसते. मला हे जमायला सहा महिने लागले, तुम्हाला न सांगता जमलं."

मला बरं वाटलं. म्हणून पुढचं बोलले.

"आन् शेजारचा त्यो ठळक तारा, त्यो बी तसाच पळतोय."

गोठ्यात शेळी खोकली. मग त्यानं स्वतः डोळा लावून बघितलं.

"ठळक तारा पळत नाही, मामी."

त्यानं लाल उजेडाची बॅटरी स्वतःच्या तोंडावर धरली. "डावा मिटूनच ठेवा. मी दिसतो का?"

कान दिसले. केस दिसले. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग होता. उजवा मिटून डाव्यानं बघितलं तर चेहरा आला, पण नाक वाकडं होतं. त्याचं नाक वाकडं नाही.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. उजव्याचं गेलेलं परत येणार नाही. डाव्यात इंजेक्शनं देऊ, किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

मुलगी रडली आणि त्याच दमात शेळ्यांना गिऱ्हाईक बघते म्हणाली. मी म्हटलं, एक डोळा आहे अजून. शेवटी जावयानं तोड काढली. दर अमावस्येला मी डाव्या डोळ्यानं तो ठळक तारा सरळ बघायचा. तो जागेवर राहतो तोवर मी इथं राहायचं.

चार अमावस्या तारा राहिला. मधल्या काळात दाराची चौकट वाकायला लागली. मी सुताराला बोलावणार होते. मग उंबऱ्यापाशी बसून हातानं चाचपली. सरळ होती.

परवाची पाचवी. तारे सरकलेत, आता दुसराच ठळक तारा लावतो तो. डाव्यानं सरळ बघितलं. काळं. पुन्हा बघितलं. राखाडी. मग डोळा जरासा बाजूला नेला आणि तारा आला.

"राहतोय का जागेवर, मामी?"

"राहतोय की."

त्यानं दुर्बीण आवरली आणि पुढं निघाला. बॅटरी लावली नव्हती, पाय मात्र मुद्दाम वाजवत चालला होता. त्याच्या चपलांचा आवाज ऐकत मी मागनं घराकडे गेले.