ग्राफिनवरचा गंज

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—तेही नीट कळत नाही.

मी कारंज्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. माझं संशोधन सगळं कॉम्प्युटरवरचं. ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. त्यावर लोखंडाचा ऑक्साइड—साध्या भाषेत गंज—किती घट्ट बसेल, याचं गणित मी मांडलं. विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड ओढून घेणारी गाळणी त्यातून व्हायची होती. आकडा झकास आला, पेपर छापून आला, आणि मी छाती काढून फिरलो.

रुबिना माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वडिलांचं भांड्यांचं दुकान, घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. माझ्या आकड्यावर विसंबून ती प्रयोगशाळेत तेच प्रत्यक्ष बनवत होती—आणि दर वेळी धुतलं की तांबडं पाणी. गंज टिकतच नव्हता.

तिच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, मी त्या गणिताची जुनी फाईल उघडली. लोखंडाचं गणित करताना त्याचं चुंबकत्व धरावं लागतं. नुसत्या कार्बनला ते लागत नाही. मी कार्बनचीच फाईल उचलून, चुंबकत्वाचा रकाना शून्य ठेवून, लोखंडासाठी चालवली होती. दुरुस्त करून पुन्हा चालवली. गंज जेमतेम टेकत होता, बस.

इथवर चूकच होती—चूक कोणाची होत नाही? पण त्याच आठवड्यात ती केबिनमध्ये आली.

"सर, आकडा तं बराबर हाये न? मंग मलेच काहून जमून नाही राह्यलं?"

खरं उत्तर समोर स्क्रीनवर होतं. मी स्क्रीन बंद केली. आणि म्हणालो—काय म्हणालो मी?—"तुझा हात कच्चा आहे."

पेपर मागे घ्यावा लागला असता, लोक हसले असते. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही. तिनं आणखी वर्षभर तेच केलं, ॲसिडनं बोटं सोलवटून घेतली, आणि मग पीएचडी सोडली. मी तिच्या निरोप समारंभात भाषणही केलं. लाज वाटते.

गेल्या महिन्यात ती धाकट्या बहिणीला घेऊन ॲडमिशनला आली. बहिणीला केमिस्ट्रीच घ्यायची होती. रुबिना हसत तिला म्हणाली, "कायले घेतं? आपल्या घरच्यायच्या हातात हे कसब नाही. सरायले पूस."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

मी मान हलवली—बरोबर आहे म्हणून. तिनं फॉर्मवरचं केमिस्ट्री खोडलं.