तीन सुतांचा फरक

"पाणी गप बसलंय असं दिसतंय, पण ते सारखं काच ढकलत असतंय."

हे वाक्य भाऊसो शिंगे आयुष्यात एकदाच बोलला. साल ब्याण्णव. हंबीररावनं राजारामपुरीत शोभेच्या माशांचं दुकान टाकलं होतं. पहिली चार फुटी टाकी त्यानं लाकडी टेबलावर ठेवली होती आणि टेबल करकरत होतं. भाऊसोनं ते ऐकलं, एवढं एकच वाक्य म्हटलं आणि टेबलाचं माप घ्यायला खाली वाकला. हंबीररावनं ते वाक्य उचललं. पुढं अकरा वर्षं दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो ते स्वतःचं म्हणून ऐकवत राहिला. भाऊसोला त्याचं काही वाटलं नाही. वाक्य कुणाचंही असो, टाकी लोखंडावरच बसणार होती आणि लोखंडाचं काम त्याचं होतं.

दोघं आयटीआयपासूनचे. एकाच बाकावरचे, एकाच डब्यातले. हंबीरराव बोलका, हसरा, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारा. भाऊसोला बोलायचं म्हणजे गंजलेला नट सोडवल्यासारखं व्हायचं. टाकी हंबीररावची आणि स्टँड भाऊसोचं, असं ठरवून काही झालं नव्हतं. ते तसं होत गेलं.

भाऊसोचं वर्कशॉप उद्यमनगरात, दोन फौंड्रींच्या मधल्या बोळात. पत्र्याची शेड. भिंतीवर बुद्धाचा फोटो, वेल्डिंगच्या धुरानं कडेकडेनं काळपट झालेला. त्याच्या वडिलांनी तीस वर्षं साखरेच्या गोदामात पोती रचली. प्रत्येक पोत्यावर कारखान्याचं नाव असे, हंगामाचा आकडा असे. ज्याच्या पाठीवरून ते पोतं गेलं त्याचं नाव कुठंच नसे. लहानपणी डबा घेऊन गेला की भाऊसो ती नावं वाचत बसायचा आणि वडिलांचं शोधायचा. म्हणूनही असेल, स्टँड पुरं झालं की वरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला तो वेल्डिंगच्या कांडीनं एक अक्षर उठवायचा : भा. रंगाखाली ते दिसत नसे. बोट फिरवलं तर लागे.

त्याची कामाची एक रीत होती. चार फुटी टाकीत अडीच क्विंटल पाणी बसतं, म्हणजे वडिलांच्या पाठीवरची अडीच पोती. तेवढं वजन चारही पायांवर सारखं यायला पाहिजे. आणि कोल्हापुरातल्या घरात फरशी कधी सपाट नसते. धुतलेलं पाणी दाराकडं पळावं म्हणून गवंडी तिला उतार देतोच. म्हणून भाऊसो स्टँड वर्कशॉपात पुरं करत नसे. पाय चार बोटं जास्त ठेवून तो सांगाडा गिऱ्हाइकाच्या घरी न्यायचा. मग पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी काढायची. एक टोक त्याच्या हातात, दुसरं हंबीररावच्या. चालताना पाणी सांडू नये म्हणून दोघांनी टोकावर अंगठा दाबून धरायचा, आपापल्या पायापाशी बसायचं, अंगठा काढायचा आणि नळीतलं पाणी हलायचं थांबेपर्यंत श्वास धरून बघायचं. पाणी थांबलं की हंबीरराव म्हणायचा, "बसलं." भाऊसो खडूनं खूण करायचा. अशा चार खुणा झाल्या की पाय खुणेवर कापायचे.

त्यामुळं भाऊसोच्या कुठल्याच स्टँडचे चार पाय सारखे नसत. त्या घरात, त्या जागेवर, त्या तोंडानं ठेवलं तरच ते खडकासारखं उभं राहायचं. कुठला पाय कुठं, हे कळावं म्हणून तो पायाच्या तळाशी पंचानं ठिपके मारायचा. एक, दोन, तीन, चार. हे दोघांनाच ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला सांगायचं काम बोलणाऱ्याचं, म्हणजे हंबीररावचं.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात कसबा बावड्याच्या कडेला गणपतरावांनी बंगला बांधला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, शब्दापेक्षा टेपवर विश्वास ठेवणारा सरळ माणूस. भोवती वीसेक घरांची कॉलनी उभी राहत होती आणि पडद्यापासून पंपापर्यंत प्रत्येक जण गणपतरावांना विचारून घेत होता. हंबीरराव म्हणाला होता, हे एक घर जमलं की अख्खी कॉलनी आपली. घर अजून रिकामं असतानाच दोघांनी किल्ली आणून हॉलमध्ये मापं घेतली. कोटा फरशीला दाराकडं चांगलाच उतार होता. पुढच्या आणि मागच्या पायात तीन सूत फरक ठेवावा लागला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतं. टाकी भरल्यावर भाऊसोनं काठोकाठ भरलेली चहाची कपबशी वरच्या काचेवर ठेवली आणि स्टँडला खांदा देऊन रेटलं. एक थेंब बशीत उतरला नाही.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, टाकीची तळाची काच कोपऱ्यातून फुटली. हॉलभर पाणी झालं, सोफा भिजला, मासे फरशीवर तडफडून मेले. गणपतरावांनी शेजाऱ्यांसमोर टेप काढली आणि रिकाम्या स्टँडचे पाय मोजले. दोन लांब, दोन आखूड.

बातमी उद्यमनगरात पोचायला दुसरी सकाळ लागली. चहाच्या गाड्यावर गुंडू टर्नरनं ग्लास पुढं करत विचारलं, "काय भाऊसो, ह्या बाकड्याचं पाय तूच कापलंयस काय? बसतोय तवर डुगडुगतंय." सगळे हसले. भाऊसोही ओठ ताणून हसला. त्याच आठवड्यात कॉलनीतल्या दोघांनी सांगितलेली स्टँडं नको म्हणून निरोप धाडला. एकाच्या निरोपात आणखी चार शब्द होते : त्या लोकांकडनं असलं बारीक काम व्हायचं न्हाय. ते शब्द भाऊसोनं पूर्वी दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकले होते. आपलं अक्षर उठवलेल्या लोखंडावर ते कधी येतील असं त्याला वाटलं नव्हतं.

पण तो घाबरला नाही. हंबीरराव सांगेल की. पाय असे का, हे त्याला ठाऊक आहे. नळीचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं. चार दिवस भाऊसो या भरवशावर काम करत राहिला. पाचव्या दिवशी दुकानात गेला. हंबीरराव जाळीनं मासे धरत होता. पाण्यातून नजर न काढता म्हणाला, बोलतो की त्यांच्याशी, जरा थंड होऊ देत. जाळी रिकामीच वर आली. त्यानं ती पुन्हा बुडवली.

घरी भाऊसोनं हे सांगितलं तेव्हा मीनाबाई, त्याची बायको, भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"त्यो बोलणार न्हाय," ती म्हणाली. "बोलणारा माणूस इतका येळ गप बसतोय व्हय?"

भाऊसो तिच्यावर वैतागला. अकरा वर्षं नळीचं दुसरं टोक धरणारा माणूस, तुला काय ठाऊक, असं काहीतरी पुटपुटला. रविवारी नळी गुंडाळून त्यानं खांद्याला अडकवली, हंबीररावला दुकानातून उठवलं आणि दोघं एका स्कूटरवर बावड्याला गेले. वाटेत हंबीरराव उसाच्या गाड्यांबद्दल बोलत होता.

गणपतरावांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं. भाऊसो बसला नाही. स्टँड खिडकीपाशी, दाराच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात उभं होतं. त्यानं ते सोफ्याजवळच्या भिंतीला बसवलं होतं.

"हितं कसं काय आलं हे?" त्यानं विचारलं.

गणपतरावांनी सांगितलं. जावई म्हणाले, टाकी ईशान्येला पाहिजे. हंबीररावांना फोन केला, ते लगेच आले. अर्धं पाणी काढलं, चौघांनी धरून सरकवली.

"तवाच हलत होतं तुमचं स्टँड," गणपतराव म्हणाले. "ह्यांनीच पायाखाली पुठ्ठा घालून दिला, म्हणून तीन आठवडे तरी टिकलं. न्हाईतर पहिल्याच दिवशी गेलं असतं."

भाऊसो खाली बसला. मागच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. भिजून लगदा झालेली आणि पुन्हा वाळून लोखंडाला चिकटलेली. माशांच्या खाद्याच्या खोक्याचा पुठ्ठा. अर्ध्या माशाचं चित्र अजून दिसत होतं. त्यानं पाय जरा उचलून नखानं तो खरवडला. खाली तीन ठिपके होते. ज्यानं पुठ्ठा सरकवला त्याच्या बोटांखालून हे ठिपके गेले असणार. हाक मारली असती तर भाऊसो एका दिवसात नवे पाय जोडून गेला असता.

त्यानं वर बघितलं. हंबीरराव छताच्या पंख्याकडं बघत होता.

"साहेब," भाऊसो उठत म्हणाला, "पाय जागेवर बसूनच कापल्यात. जागा बदलली की चुकतंय ते. ह्याला इचारा."

गणपतरावांनी हंबीररावकडं पाहिलं. हंबीररावनं चेहऱ्यावरून हात फिरवला.

"मला लोखंडातलं काय कळतंय, साहेब," तो म्हणाला. "मी माशांचा माणूस."

मग भाऊसोनं स्टँड एकट्यानं उचललं, जुन्या जागी नेलं आणि ठिपके बघून तोंड फिरवून ठेवलं. खांद्यावरची नळी सोडली, स्वयंपाकघरातून पाणी मागून घेऊन ती भरली. एक टोक स्वतःकडं ठेवलं. दुसरं हंबीररावपुढं धरलं.

हंबीररावनं ते घेतलं. घेता घेता अंगठा टोकावर गेला. कुणी न सांगता तो पलीकडच्या पायापाशी उकिडवा बसला, नळी पट्टीच्या कडेला टेकवली, अंगठा काढला. पाणी दोन्हीकडं वर-खाली झालं, मंद होत गेलं. हंबीररावचा श्वास थांबला होता.

"बसलं," तो म्हणाला.

आवाज खोलीत पडला तसा तो दचकला. पण म्हणून झालं होतं. दोन्ही टोकांना पाणी पट्टीच्या कडेशी रेघेसारखं लागून होतं. हंबीररावनं अंगठा पुन्हा टोकावर दाबला.

गणपतराव वाकून दोन्हीकडं बघून आले. स्टँडवर तळहात ठेवून अंगाचा भार दिला. ते हललं नाही. ते खरं बोलणारे होते, म्हणाले, "काम बरोबर हाय. मान्य." मग भाऊसोकडं वळून, तितक्याच खरेपणानं म्हणाले, "पण हे ह्यांना सांगायला नको का तुम्ही? ह्यांना ठावं असतं तर ह्यांनी हलवू दिलं असतं का? चूक तिथं झाली तुमची." आणि प्रश्न अर्धवट राहू नये म्हणून त्यांनी हंबीररावला पुन्हा विचारलं. "ह्यांनी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं?"

आता फक्त सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. स्टँड खरं ठरलं होतं, त्यात कुणाचं काही बुडत नव्हतं. भाऊसो वाट बघत होता. त्याला आयटीआयचा बाक आठवला नाही, डबा आठवला नाही. समोरच्या हातातला तो अंगठा तेवढा दिसत होता, टोकावर नीट, घट्ट, त्यानंच शिकवलेल्या पद्धतीनं दाबलेला.

"न्हाय," हंबीरराव म्हणाला. "ह्यानं कधी सांगितलंच न्हाय."

भाऊसोनं वरच्या पट्टीच्या आतून हात घातला. बोटाला अक्षर लागलं. तिथं बोट क्षणभर राहिलं, मग त्यानं हात काढून घेतला.

नळीचं आपलं टोक त्यानं सावकाश फरशीवर ठेवलं. दुसऱ्या टोकावर हंबीररावचा अंगठा अजून होता, म्हणून त्यातून एक थेंबही बाहेर आला नाही. गणपतराव चहाचं काहीतरी म्हणत होते. भाऊसो उतारावरून दाराकडं चालत गेला, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडला.