दाजींनी बघितलेलं गाव

चौकशी केल्याशिवाय देवळातसुद्धा पाऊल न टाकणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो साताऱ्यातल्या आमच्या घराच्या पलीकडच्या गल्लीत राहतो. दाजी म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, घर बांधलं आणि उरलेलं आयुष्य चौकशीला वाहून टाकलं. त्यांचं शास्त्र सोपं आहे. ज्याची चौकशी करायची त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं. फ्रीज घ्यायचा झाला तेव्हा दुकानात न जाता ते समोरच्या चहाच्या गाड्यावर बसले आणि दुरुस्तीला परत येणारे फ्रीज बघत राहिले. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा त्यांनी मला दवाखान्याच्या पायरीवरून मागं ओढलं आणि फुटपाथवर उभं केलं. "बाहेर येणारा माणूस हसत आला, की मग आपुन आत जायाचं," म्हणाले. दाढ काढून हसत बाहेर येणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी संध्याकाळपर्यंत गाल धरून उभा होतो.

पण त्यांचा खरा हातखंडा म्हणजे लग्नाची स्थळं. आमच्या भागात मुलगी द्यायच्या आधी त्या घराची गुपचूप माहिती काढतातच. दाजी त्यासाठी ज्वारीचा डबा घेऊन मुलाच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जातात. नंबर लागेपर्यंत बाकावर बसतात. नंबर लागलाच, तर आधीच्या बाईचे गहू होते, "ज्वारीवर ज्वारी आल्याबिगर मी दळणार न्हाई," म्हणून आणखी बसतात. तेवढ्यात गल्लीतल्या प्रत्येक घरात कोण कुणाशी बोलत नाही ते त्यांना कळलेलं असतं.

माझीही चौकशी अशीच झाली. माझ्या बायकोचे, वैशालीचे, वडील ती लहान असतानाच गेले, पाठोपाठ आईही गेली. थोरल्या बहिणीनं आणि दाजींनी तिला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे ती मेहुणी कमी आणि लेक जास्त. तिला पुण्याची, मुंबईची चांगली स्थळं येत होती. ती सगळी मोडून दाजींनी मला पसंत केलं, ज्याला कॉलेजात धड कायमची नोकरीही नव्हती. माझ्यात त्यांना काय दिसलं, या विचारानं मी मांडवात जरा फुशारलो होतो. तेव्हा ते कानाशी येऊन म्हणाले, "पावणं, तुमी लय हुशार म्हणून न्हाई केलं. तुमचं घर जवळ व्हतं."

वैशालीची ताई वारल्यापासून दाजी संध्याकाळी आमच्याकडेच जेवायचे. भाजी स्वतः आणायचे आणि ती कुणाच्या मळ्यातली, त्याचं भावाशी पटतं की नाही, हे आम्हाला भाकरीबरोबर ऐकावं लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात मला तासगावच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली. कायमची. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं, आणि वैशालीनं पहिलं विचारलं, "दाजींचं काय?" आमच्याबरोबर चला म्हटलं, तर ताईनं लावलेल्या जास्वंदीला पाणी कोण घालणार, म्हणून ते हलेनात. कॉलेजला होकार तर लवकर कळवायचा होता. "थांबा," दाजी म्हणाले, "आदी चौकशी." आणि डबा घेऊन एसटीत बसले.

परत आले ते तोंड पाडूनच. "पाणी जड हाय. डाळ शिजत न्हाई." पुन्हा गेले. "कॉलेजचं गाव त्ये. पोरं फटफट्या लय उडवत्यात." पुन्हा गेले, आणि या वेळी तर कहर केला. "बेदाण्याचा बाजार हाय तितं. बेदाणं खाऊन माणसं लय ग्वाड बोलत्यात. मला इश्वास येत न्हाई."

मला राग आला. माझी चाळिशी उलटली होती, आणि माझं नशीब एका बेदाण्यावर अडलं होतं. मी स्वतःच तासगाव गाठलं आणि कॉलेजजवळच्या, दाजी सांगायचे त्या गिरणीत शिरलो. साताऱ्याचा आहे म्हटल्यावर गिरणीवाला खुलला.

"आवं, तुमच्याकडलं एक मिलिटरीवालं पावणं येत्यात की डबा घिऊन. लेक द्यायची हाय त्यास्नी हितं."

"गाव आवडलं का त्यांना?"

"लय! पाणी पिऊन बघिटलं, कॉलेजपतूर चालून बघिटलं. म्हणलं, लेकीला हितं काय कमी पडायचं न्हाई. मग मी इचारलं, अडलंय कुठं? तर म्हणलं, लांब पडतंय वो. आन् डोळं पुसाय लागलं. पीठ गेलं म्हणलं डोळ्यात." तो थांबला. "गिरणी तर बंदच व्हती तवा. लाईट गेल्याली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "दाजी, मी नकार कळवतो. पाणी जड आहे म्हणता ना."

दाजींचा घास हातातच राहिला. तो त्यांनी परत ताटात ठेवला. "पाणी चांगलं हाय," ते म्हणाले. "पोरं बी गुणाची हायती. चौकशीत खोटं बोलू ने, मी बोललो. कळवा त्यास्नी, येतोय म्हणून." वैशाली उठून आत गेली, ती भाकरी घेऊन काही लवकर आली नाही.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, तेव्हा दाजी खण, नारळ आणि तांदूळ घेऊन आले. बरोबर शेजारच्या काकू होत्या. "हिची आई न्हाई, भन न्हाई," ते त्यांना म्हणाले, "म्हायेरची वटी तेवढी तुमी भरा." काकू ओटी भरत होत्या आणि दाजी बाजूला परेडला उभं राहिल्यासारखे ताठ उभे होते. आमच्या लग्नात ते रडले नव्हते. तेव्हा ती पलीकडच्या गल्लीतच तर जात होती.

टेम्पो सुरू झाल्यावर ते माझ्या खिडकीशी आले. "पावणं, त्या गिरणीवाल्याला सांगा, लेक आली म्हणून."

मी गिरणीत गेलो होतो हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. पण दाजींनी माझीही चौकशी केली नसेल, असं कसं होईल? तासगावात पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी मी तेवढं सांगून आलो.